पहिल्या वर्षात असताना घरून इंटर्नशिप स्वीकारावी का?

प्रश्न : सांगलीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. सध्या दुसरे सत्र सुरू असून गणित-२, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन आणि सी प्रोग्रॅमिंग हे मुख्य विषय आहेत. बारावीनंतर प्रवेशफेऱ्या लांबल्या, त्या काळात मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी एक लहान प्रोग्रॅम लिहिला. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) भरले की दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढून तो प्रत्येक सभासदाचे दहा दिवसांचे बिल तयार करतो. संस्थेचे सचिव तो अजूनही वापरतात.

हा कोड मी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवला होता. तो पाहून बंगळुरूच्या एका लहान कंपनीने मला ईमेल केला. कंपनीत आठ माणसे आहेत आणि ती शेतमालाच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करते. अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले. तीन महिने, आठवड्याला २० तास, पूर्णपणे घरून काम आणि महिना ६,००० रुपये विद्यावेतन, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मी लगेच सुरुवात करावी अशी त्यांची इच्छा आहे.

दुसरा प्रस्ताव व्हॉट्सअ‍ॅपवर आला. चार आठवड्यांची वेब डेव्हलपमेंटची इंटर्नशिप आहे, मुलाखत नाही, निवड झाल्याचे पत्र आधीच तयार आहे आणि नोंदणीसाठी १,४९९ रुपये भरायचे आहेत. शेवटी प्रमाणपत्र मिळते. माझ्या वर्गातील बऱ्याच जणांनी पैसे भरले आहेत आणि ते मलाही आग्रह करत आहेत.

माझ्या अडचणी अशा आहेत. ७५ टक्के उपस्थिती सक्तीची आहे. वसतिगृहातील वायफाय रात्री साडेदहाला बंद होते. मला जूनमध्ये १८ वर्षे पूर्ण होतील, त्यामुळे करारावर मी सही करू शकते का, हेही कळत नाही. वडिलांचे म्हणणे असे आहे की इंटर्नशिप तिसऱ्या वर्षात करतात, मग आत्ता कशाला? त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचलेले नाही, कारण माझ्याकडेही नीट उत्तर नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा करून घेतले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद १ : पौड फाटा

मी ११ वर्षे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे आणि २०२० पासून आमच्या लहानशा गटात येणाऱ्या इंटर्नचे काम माझ्याकडे आहे. ते सगळे आपापल्या घरून काम करतात. त्या अनुभवावरून लिहितो.

दुसऱ्या प्रस्तावाचा विषय आधी संपवतो. जिथे काम करणाऱ्यानेच पैसे भरायचे असतात, तिथे तुम्ही इंटर्न नसून ग्राहक असता. मुलाखतीशिवाय निवड याचा अर्थ तुमचे काम पाहण्याची त्यांना गरजच नाही. तुमच्या मित्रांपैकी कोणाकडून पुढे आणखी रक्कम मागितली जात असेल, तर त्यांनी १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार करावी. कंपनी खरोखर नोंदलेली आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहता येते. बंगळुरूच्या कंपनीसाठीही हे करून पाहा.

आता पहिला प्रस्ताव. विद्यावेतन किती, प्रमाणपत्र मिळणार का, पुढे नोकरीची संधी आहे का, हे प्रश्न विद्यार्थी आधी विचारतात. तुम्ही त्यांना एकच प्रश्न विचारा : मी लिहिलेला कोड कोण वाचणार आणि आठवड्यातून किती वेळा? या प्रश्नाला माणसाचे नाव आणि वार अशा स्वरूपात उत्तर मिळाले तर पुढे बोला. "आमची टीम आहे, सगळेच मदत करतात" असे उत्तर आले, तर कोणीही वाचणार नाही असे समजा.

मी यावर एवढा भर का देतो, ते सांगतो. कार्यालयात बसून काम करणारा नवखा मुलगा अर्धे शिक्षण कानाने घेतो. शेजारचे दोघे कशावरून वाद घालतात, जुना माणूस स्क्रीनकडे पाहून का थबकतो, चहाला जाताना कोणत्या ग्राहकाविषयी बोलणे होते, हे सगळे त्याला आपोआप मिळत असते. घरून काम करताना ते सगळे जाते आणि उरते फक्त लिहिलेले. तुम्ही लिहिलेला कोड, त्यावर कोणी लिहिलेला अभिप्राय आणि त्या अभिप्रायाला तुम्ही लिहिलेले उत्तर. हा पत्रव्यवहारच नसेल, तर घरची इंटर्नशिप म्हणजे एकट्याने केलेला गृहपाठ होतो.

एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या दूध संस्थेच्या कामाशी जुळते. आमच्याकडे बाजार समितीतील मालाच्या आवकेची नोंद ठेवणारे काम होते. पहाटे साडेतीन-चारला आलेल्या गाड्या आदल्या दिवसाच्या तारखेला दिसतात, अशी तक्रार आली. पहिल्या वर्षातल्याच एका इंटर्नला ते काम दिले. त्याने दोन तासांत दुरुस्ती पाठवली, जिच्यात तारखेत एक दिवस मिळवला होता. त्याच्या संगणकावर पहाटेच्या सगळ्या नोंदी बरोबर दिसू लागल्या. मी अभिप्रायात एवढेच लिहिले : "दुपारी अडीचला आलेल्या गाडीचे काय होईल?" अर्ध्या दिवसाने त्याचे उत्तर आले की दुपारची गाडी आता उद्याच्या तारखेला दिसते. मग तो मुळाशी गेला. सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवत होता, भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे, म्हणून आपल्याकडच्या पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद तिथे आदल्या दिवसात पडत होती. तारीख बदलायची नव्हती, दाखवताना वेळ भारतीय करून घ्यायची होती. योग्य दुरुस्ती एका ओळीची निघाली. त्या मुलाला हे कोणी व्याख्यानात सांगितले असते तर ते त्याच्या लक्षात राहिले नसते. एका प्रश्नाने ते कायमचे लक्षात राहिले, आणि तो प्रश्न विचारायला कोड वाचणारे कोणीतरी हवे होते.

तासांविषयी माझे मत स्पष्ट आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याने कबूल करू नयेत. प्रात्यक्षिके, जर्नल, आलेखनाच्या शीट आणि उपस्थिती सांभाळून हे तास फक्त झोपेतून निघतात. परीक्षा संपल्यानंतर सुरुवात करण्याची मुभा मागा आणि त्याआधीच काही करायचे असेल तर १० तासांच्या वर जाऊ नका. ज्या कंपनीने तुमचा कोड स्वतःहून वाचून ईमेल केला आहे, ती सहा-सात आठवडे थांबण्याची शक्यता मला बरीच वाटते.


प्रतिसाद २ : रातराणी

मी आता तिसऱ्या वर्षात आहे आणि पहिल्या वर्षात दोन्ही प्रकारच्या इंटर्नशिप केल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

पहिली तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या प्रस्तावासारखीच होती. तीनशेहून अधिक जणांचा एक गट होता, त्यात सोमवारी एक काम यायचे. पहिल्या आठवड्यात स्वतःची माहिती देणारे पान, दुसऱ्या आठवड्यात कॅल्क्युलेटर, तिसऱ्या आठवड्यात हवामान दाखवणारे पान. कोडचा दुवा एका फॉर्ममध्ये भरायचा. माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये शून्याने भागले की पान बंद पडत होते. हे मला माहीत होते, तरी मी मुद्दाम तसेच पाठवले, कोणी पाहते का हे बघायला. प्रमाणपत्रावर "उत्कृष्ट" असा शेरा आला. पुढे दुसऱ्या वर्षात एका मुलाखतीत त्या प्रमाणपत्राविषयी विचारले गेले, तेव्हा "तुम्हाला तिथे कोणती चूक दाखवली गेली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी इंटर्नशिप खऱ्या कंपनीत होती आणि तिचा मला जास्त त्रास झाला. माणसे वाईट नव्हती, पण माझे काम ज्यांच्याकडे होते ते दुसऱ्या प्रकल्पात अडकले आणि १९ दिवस मला कोणाचेही उत्तर आले नाही. मी रोज संध्याकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत एकाच ठिकाणी अडकून बसायचे. विचारले तर आपल्याला काहीच येत नाही हे कळेल, या भीतीने मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. त्या सत्रात माझा गणित-२ राहिला. तो विषय पुढच्या वेळी सुटला, पण दुसऱ्या वर्षाचा अभ्यास आणि मागचा पेपर एकत्र करताना जे हाल झाले ते तुझे होऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

त्यावरून दोन गोष्टी सांगते. करार होतानाच हे ठरवून घे की दोन दिवसांत उत्तर आले नाही तर तू कोणाला विचारायचे. दुसऱ्या माणसाचे नाव हवे. आणि विचारायचे कसे, हे शिकून घे. मी आधी लिहायचे, "सर, कोड चालत नाही." याला कोणी काय उत्तर देणार? आता मी असे लिहिते : "बिलाच्या पानावर तारीख निवडली की यादी रिकामी येते. डेटाबेसमध्ये त्या तारखेच्या ४ नोंदी आहेत, हे तपासले आहे. मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण तारीख तिथे मजकूर म्हणून जाते असा मला संशय आहे. आज रात्री ते बदलून पाहणार आहे. दिशा चुकत असेल तर सांगावे." असा निरोप लिहिताना अर्ध्या वेळा उत्तर मलाच सापडते, आणि नाही सापडले तरी समोरच्याला दोन मिनिटांत उत्तर देता येते.

वायफायची अडचण वाटते तितकी मोठी नाही. मी वसतिगृहातच राहते आणि माझ्या फोनवर दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो. जड भाग सुरुवातीला एकदाच येतो, म्हणजे संपूर्ण प्रकल्प उतरवणे आणि त्याला लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच) घेणे. ते मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून उरकले. त्यानंतर कोड आपल्याच लॅपटॉपवर असतो, तो लिहायला इंटरनेट लागत नाही, आणि गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनावरून रोजचे बदल पाठवायला फोनचा हॉटस्पॉट पुरतो. डेटा खातात ते व्हिडिओ कॉल. कॅमेरा बंद ठेवून बोलण्याची परवानगी पहिल्याच दिवशी मागून घे, त्यात संकोच करू नकोस.


प्रतिसाद ३ : प्रशिक्षण कक्ष

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि प्रशिक्षण व नियुक्ती कक्षाचे काम पाहतो. विद्यार्थिनीने विचारलेल्या औपचारिक बाबींवर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून त्या आधी घेतो.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यानुसार सज्ञान नसलेली व्यक्ती करार करण्यास पात्र मानली जात नाही. म्हणून १८ वर्षे पूर्ण होण्याआधी तुम्ही केलेली सही कायद्याने तुम्हाला बांधत नाही, आणि जबाबदार कंपनी असेल तर तीच ही गोष्ट तुम्हाला सांगेल. जूनमध्ये वय पूर्ण होत असेल तर सहीची तारीख त्यानंतरची ठेवणे दोघांच्याही सोयीचे आहे. पत्रात मध्येच काम सोडल्यास दंड भरावा लागेल अशी अट असेल, तर ती काढून घेतल्याशिवाय सही करू नका. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कोणालाही देऊ नका. ओळखपत्र म्हणून आधार मागितले तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत डाउनलोड करता येते, ती द्या.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. इंटर्नशिप हा वेगळा प्रकार आहे आणि विद्यार्थी या दोन्हींत गल्लत करतात. तुम्हाला संरक्षण मिळते ते मुख्यतः लेखी पत्रातील मजकुराचेच, म्हणून तास, कालावधी, विद्यावेतनाची रक्कम आणि ते कोणत्या तारखेला जमा होणार, हे पत्रात आले पाहिजे.

पालक अनेकदा सरकारी योजनांविषयी विचारतात, त्याचाही उलगडा करतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तिच्यात बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये ठरवण्यात आले. परंतु ज्यांचे शिक्षण सुरू आहे त्यांना ती लागू नाही. त्याच वर्षी सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीला २१ ते २४ वयोगटासाठी होती आणि तिच्यातही पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी वगळले होते. तेव्हा पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने या दोन योजनांचा आधार धरू नये.

क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासक्रमात मिळणाऱ्या श्रेयांकांच्या, बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात एका क्रेडिटला साधारणपणे ३० तासांचे काम धरले जाते, म्हणजे ४ क्रेडिटसाठी १२० तास होतात. मात्र पहिल्या वर्षात केलेले काम तुमच्या अभ्यासक्रमात धरले जाईल की नाही, हे पूर्णपणे तुमच्या महाविद्यालयाच्या नियमांवर अवलंबून आहे. काम झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना मला अनेकदा नकार द्यावा लागतो, कारण पूर्वपरवानगी नसते. म्हणून आधी विभागप्रमुखांना अर्ज करा आणि ना हरकत पत्र घ्या. उपस्थितीत यासाठी सवलत मिळेल असे गृहीत धरू नका.

आता माझे स्वतःचे मत मांडतो. ते 'पौड फाटा' यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. सत्र सुरू असताना आठवड्याला १० तासही पहिल्या वर्षासाठी जास्त आहेत. ग्रामीण भागातून मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या वर्षात फक्त विषय शिकत नसतात. इंग्रजीतून लेक्चर समजून घेणे, घरापासून दूर राहणे, नवी मैत्री, मेसचे जेवण, हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर थकून गेलेली हुशार मुले मी दर वर्षी पाहतो आणि त्यांचे नुकसान गुणपत्रिकेत बरेच उशिरा दिसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्याआधी नाही.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुमच्या प्रश्नातच आहे. तिसऱ्या वर्षातली इंटर्नशिप नोकरीसाठी असते. तुम्हाला आलेला प्रस्ताव तुम्ही सचिवांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे आला आहे. ते काम वडिलांना संस्थेत नेऊन दाखवा, बिल कसे निघते ते समोर बसवून दाखवा.


प्रतिसाद ४ : वैदर्भी

मी संगणक शाखेची नाही. नागपूरला मराठी विषय घेऊन बी.ए. केले आणि आता उपशीर्षके व मुद्रितशोधनाचे काम घरून करते. ज्यांना गिटहबवरून कोणाचा ईमेल आलेला नाही, अशी मुलेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आपले काम कोणीतरी वाचले पाहिजे, हा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. पण त्यासाठी कंपनीच हवी असे नाही. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मराठी विकिस्रोतावर काम सुरू केले. तिथे हक्कमुक्त झालेल्या जुन्या पुस्तकांची पाने स्कॅन करून ठेवलेली असतात आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी असतो. यंत्र 'घ' आणि 'ध' यांत, 'भ' आणि 'म' यांत गोंधळते, जोडाक्षरे मोडते. ते आपण मुळाशी ताडून दुरुस्त करायचे. न तपासलेल्या पानाची खूण लाल असते, एकाने तपासले की ती पिवळी होते आणि दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासल्यावरच हिरवी होते. पिवळे पान आपले आपल्याला हिरवे करता येत नाही. मी पहिल्या आठवड्यात एका पुस्तकातील 'नांव' आणि 'कांहीं' यांवरचे अनुस्वार चूक समजून काढून टाकले होते. दुसऱ्या संपादकाने ते परत घातले आणि लिहिले की १९६२ च्या नियमांपूर्वी हे असेच लिहीत, आपण छापलेले जतन करतो, सुधारत नाही. मुद्रितशोधन म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्याने समजले. आज पैसे मिळवून देणाऱ्या कामात मी रोज तीच जाणीव वापरते.

तसेच मोझिलाच्या पाँटून या ठिकाणी फायरफॉक्सचे मराठीकरण चालते. तिथे आपण सुचवलेला शब्द मराठी गटातील कोणीतरी तपासून स्वीकारतो किंवा नाकारतो. कोड लिहिणाऱ्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरचे, प्रकल्प आहेतच. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, काम घरूनच करायचे असते, प्रत्येकाला मार्गदर्शक असतो आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठीच तो उपक्रम आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या उपक्रमात निवड व्हावी म्हणून आधी काही महिने त्या प्रकल्पात छोट्या दुरुस्त्या पाठवाव्या लागतात, आणि माझ्या धाकट्या भावाचा अनुभव असा की निवड झाली नाही तरी त्या काही महिन्यांत त्याचे जेवढे काम तपासले गेले, तेवढे महाविद्यालयात वर्षभरात तपासले गेले नव्हते.


प्रतिसाद ५ : पौड फाटा

प्रशिक्षण कक्षाच्या सरांचा मुद्दा मला मान्य आहे. मी शहरात वाढलो आणि पहिल्या वर्षात घरीच राहत होतो, त्यामुळे वसतिगृहातील पहिल्या वर्षाचा ताण मी हिशेबात धरला नव्हता. सत्रात काम नको, हेच बरोबर.

एक गोष्ट मात्र राहिली होती. आजकाल इंटर्न एआयकडून कोड लिहून घेतात. माझी त्याला सरसकट हरकत नाही, पण दोन पथ्ये पाळावीत. कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची माहिती अशा साधनांत टाकण्याआधी परवानगी घ्यावी, कारण ती तुमची मालमत्ता नाही. त्याच कारणाने तो कोड आपल्या गिटहबवर ठेवू नये. दुसरे असे की जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती पाठवू नये. वर सांगितलेल्या तारखेच्या दुरुस्तीत मी दुपारच्या गाडीविषयी विचारल्यावर तो मुलगा अर्धा दिवस विचार करू शकला, कारण चूक त्याची स्वतःची होती. दुसऱ्याने लिहून दिलेल्या चुकीवर माणूस तसा विचार करत नाही. तो फक्त पुन्हा विचारतो आणि नवे उत्तर चिकटवतो. पहिल्या वर्षात ही सवय लागली तर पुढे ती मोडणे फार कठीण जाते, असे मी गेली दोन वर्षे पाहतो आहे.


प्रश्नकर्तीचे उत्तर : सांगलीची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रस्ताव मी नाकारला. वर्गातील दोघींनी पैसे भरले नव्हते, त्यांनीही हा धागा वाचून थांबायचे ठरवले.

बंगळुरूच्या कंपनीचे नाव मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडले. मी त्यांना ईमेल लिहून 'पौड फाटा' सरांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. एका दिवसात उत्तर आले. त्यांच्या दोन अभियंत्यांपैकी एक ताई माझा कोड वाचतील, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, आणि त्या रजेवर असतील तेव्हा कोणाला लिहायचे त्यांचेही नाव दिले आहे. त्यांनी असेही कळवले की माझ्या दुधाच्या प्रोग्रॅममध्ये त्यांना एक चूक दिसली होती, पण मुलाखतीत मुद्दाम सांगितली नव्हती : दहा दिवसांच्या मध्यात दरपत्रक बदलले तर माझा प्रोग्रॅम आधीच्या दिवसांनाही नवाच दर लावतो. मी तपासले आणि ते खरे निघाले. सचिवांना विचारले तेव्हा ते म्हणाले की दर बदलला होता तेव्हा त्यांनी त्या दहा दिवसांची बिले हाताने काढली होती, मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. ती दुरुस्ती मी या रविवारी केली. आता प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही साठवले जाते.

काम परीक्षा संपल्यावर जूनच्या शेवटी सुरू होईल, तोपर्यंत मला १८ वर्षे पूर्ण झालेली असतील. सुट्टीत आठवड्याला २० तास आणि पुढचे सत्र सुरू झाले की काम थांबवायचे, उरलेले आठवडे हिवाळ्याच्या सुट्टीत, असे त्यांनी मान्य केले आहे. दंडाची अट पत्रात नाही. विभागप्रमुखांकडे ना हरकत पत्रासाठी अर्ज दिला आहे. क्रेडिट मिळणार नाहीत असे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण सही करतो म्हणाले.

वडिलांना शनिवारी दूध संस्थेत घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या खात्याचे बिल काढायला लावले आणि वहीतील आकड्यांशी ताडून पाहिले. १ ते १० तारखेचे बिल जुळले. मग त्यांनी आणखी दोन सभासदांची बिले काढायला लावली आणि तीही जुळली. घरी येताना त्यांनी एवढेच विचारले की मंगळवार-शुक्रवारच्या संध्याकाळी गावात लाइट गेली तर काय करणार. त्यासाठी लॅपटॉपची बॅटरी बदलून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. माझा लॅपटॉप मावसभावाकडून घेतलेला जुना आहे आणि जेमतेम चाळीस मिनिटे चालतो. सांगली किंवा मिरजेत खात्रीची बॅटरी कुठे मिळेल, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.